उठून उभं राहावं अशी चढाई कुठं गेली?

प्रश्न : सर, आमच्या फुटबॉल टीमच्या तालमीचं नाव छापू नका, आपल्याच पोरांची नाचक्की नको. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. मॅच असली की पहिली पाळी मागून घेतो आणि अंगावरची वाळू झटकून तसाच शाहू स्टेडियमवर येतो. सोबत एकाहत्तर वर्षांचे वडील असतात. यंदा आमच्या सलग सहा मॅच पाहिल्या. सहांत दोन गोल. एक पेनल्टीचा, दुसरा कॉर्नरवरून गर्दीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून गेलेला. बाकी सगळा वेळ एका बॅककडून दुसऱ्या बॅककडं, तिथून मधल्या फळीतल्या हाफकडं, हाफकडून परत गोलीकडं. मग वैतागून एक उंच बॉल पुढं, तो नेमका त्यांच्या स्टॉपरच्या डोक्यावर. परवा वडील म्हणाले, "पूर्वी शेंगा घेतल्या की निम्म्या सांडायच्या. डाव्या कडेचा फॉरवर्ड, लेफ्ट आऊट सुटला की अख्खी गॅलरी उठायची, मांडीवरची पुडी कुठं गेली कळायचं नाही. आता हाफ टाइमच्या आत पुडी संपते." पोरं पळत नाहीत असं नाही, घाम गाळतात. मग जिच्यामुळं सगळं स्टेडियम उठतं ती चढाई का होत नाही? आमच्या फॉरवर्डच्यात दम नाही का?
— एक समर्थक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा. शेंगा सांडायच्या हे अगदी खरं आहे. मी स्वतः लेफ्ट आऊट होतो. बॉल घेऊन कडेनं सुटलो की गॅलरी उठल्याचा आवाज आधी पाठीला लागायचा आणि मग कानात शिरायचा. तो आवाज ऐकण्यासाठी मी अकरा सीझन खेळलो. त्यामुळं तुमचं पत्र वाचून मला तुमच्याइतकंच वाईट वाटलं.

पण फॉरवर्डच्यात दम नाही हे मला मान्य नाही. चढाई फसली की शेवटच्या माणसाच्या नावानं खडे फोडले जातात, कारण बॉल त्याच्या पायातून गेलेला सगळ्यांना दिसतो. चढाई घडते ती मात्र ज्यांच्याकडं बॉल नसतो त्यांच्या पळण्यातून. २०२२च्या वर्ल्डकप फायनलमधला अर्जेंटिनाचा दुसरा गोल पुन्हा एकदा बघा, छत्तिसाव्या मिनिटाचा. फ्रान्सचा हल्ला तुटला, बॉल मॅकॲलिस्टरकडून मेस्सीकडं आला. मेस्सीनं एका टचमध्ये तो अल्वारेझकडं सरकवला. अल्वारेझनं समोरच्या मोकळ्या जागेत टाकला, आणि तिथं मॅकॲलिस्टर हजर! बॉल देऊन तो उभा राहिला नव्हता, दिल्या क्षणी पळत सुटला होता. त्यानं डावीकडं आडवा दिला आणि डी मारियानं गोल केला. आता तोच गोल बॉलकडं न बघता बघा, फक्त डी मारियाकडं लक्ष ठेवा. बॉल पलीकडच्या बाजूला असताना हा माणूस डाव्या कडेनं जीव तोडून पळतोय. बॉल येईलच याची त्याला खात्री नव्हती, तरी तो पळाला.

आपल्याकडं नेमकं हेच थांबलंय, आणि त्याला कारण आहे. पोरं टीव्हीवर मोठे संघ बघतात. तिथं गोलीपासून छोटे छोटे पास सुरू होतात. २०१९ला नियमही बदलला, गोल किकचा बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या बाहेर जाण्याची गरज उरली नाही, बॅक डीमध्येच बॉल घेऊ लागले. पण हे पास कशासाठी? समोरच्या संघाला पुढं ओढण्यासाठी. तुमच्या दोन बॅकच्या नादी लागून त्यांचे फॉरवर्ड वर आले, त्यांच्या मागोमाग त्यांचे हाफ आले, की त्यांच्या बॅकच्या पुढं आणि मागं जागा मोकळी होते. त्या क्षणी बॉल तिथं गेला पाहिजे आणि कुणीतरी तिथं पळत असला पाहिजे. आपल्या पोरांनी या खेळाचा पहिला अर्धा भाग पाठ केलाय. माणसं ओढून घेतात आणि जागा मोकळी झाली की बॉल परत गोलीला देतात.

कुस्तीच्या भाषेत सांगतो, आपल्या फुटबॉल टीम तालमीतूनच निघाल्यात. समोरच्याचा पाय धरून पट काढायला खाली शिरणारा पैलवान क्षणभर स्वतः उघडा पडतो. पट लागला तर समोरचा आस्मान बघतो, चुकला तर हाच खाली जातो. तो धोका पत्करल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही. सहा मॅच तुम्ही नुसती खडाखडी बघितलीय.

आमच्या वेळी माझ्यामागं एक हाफ खेळायचा. मैदानात तो बोलायचा कमी. बॉल त्याच्याकडं येण्याआधी तो एकदा मान वळवून माझ्याकडं बघायचा आणि उजव्या पायाचा मोजा वर ओढायचा. मोजा ओढला की मी निघायचं, बघायला थांबायचं नाही. मी त्यांच्या राईट बॅकच्या खांद्यामागून सुटायचो आणि दहा-बारा पावलांवर बॉल माझ्या पुढ्यात पडायचा. प्रत्येक वेळी नाही बरं का. एका मॅचमध्ये मी वीस वेळा पळलो असेन तर बॉल चार वेळा यायचा, आणि त्या चारातला एक वडिलांची पुडी सांडणारा असायचा. उरलेल्या सोळा वेळा मी नुसता पळत परत यायचो. पण त्या सोळा धावांमुळं त्यांचा राईट बॅक पुढं यायला घाबरायचा, हे मला पुष्कळ उशिरा, पोरांना शिकवायला लागल्यावर कळलं.

आता तुमच्या लेफ्ट विंगचा, म्हणजे आमच्या वेळच्या लेफ्ट आऊटचा विचार करा. तो पाच वेळा चाळीस-चाळीस मीटर पळाला आणि पाचही वेळा हाफनं बॉल मागं दिला, तर सहाव्यांदा तो का पळेल? तो उभा राहतो. तो उभा दिसला की हाफला पुढं द्यायला कुणी दिसत नाही, म्हणून तो पुन्हा मागं देतो. दोघंही प्रामाणिक आहेत आणि दोघांनी मिळून चढाई मारलीय. त्यात बाहेरून आणलेला धिप्पाड सेंटर फॉरवर्ड असला तर बघायलाच नको. आफ्रिकेतून येणाऱ्या खेळाडूंबद्दल मला आदर आहे, उन्हातान्हात, घरापासून इतक्या लांब येऊन ते जीव ओतून खेळतात. पण दहाजण त्या एकाच्या डोक्याकडं बघून बॉल मारायला लागले की बाकीच्यांचे पाय थांबतात.

चढाया संख्येनं कमी असल्या तरी चालतं. १९९०च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलनं अर्जेंटिनाला अक्षरशः कोंडून धरलं होतं, बॉल गोलपोस्टला लागून परत येत होता. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला मॅराडोना मधून सुटला, ब्राझीलची माणसं त्याच्या अंगावर धावली, आणि त्यानं डावीकडं सुटलेल्या कनिजियाला बॉल सरकवला. एकच चढाई, मॅच खिशात. त्या स्पर्धेत अर्जेंटिनानं सात मॅचमध्ये फक्त पाच गोल केले आणि तरी फायनल गाठली. म्हणजे बचावाला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त ती एक संधी आली की तिच्यावर तुटून पडता आलं पाहिजे.

कमिटीतली मंडळी म्हणतील, हरलो तर पेठेत तोंड कसं दाखवायचं? त्यांना बोटांवर हिशेब मांडून दाखवा. लीगमध्ये विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. पाच मॅच बरोबरीत सोडवल्या तर पाच गुण. पाचांत दोन जिंकून तीन हरलात तरी सहा. पराभव टाळण्यासाठी खेळणारा संघ गुणांतही मागं राहतो.

आता तुम्हाला एक विनंती. पुढच्या मॅचला मधल्या गॅलरीत बसू नका. गोलच्या मागं, कोपऱ्याकडं बसा. तिथून मैदानाची लांबी दिसते, कुठली जागा मोकळी आहे आणि तिकडं कोण पळतंय हे कळतं. दहा मिनिटं बॉलकडं अजिबात बघू नका, तुमच्या दोन्ही विंगकडंच बघा. किती वेळा पळाले आणि किती वेळा त्यांना बॉल मिळाला, हे वडिलांना पुडीच्या कागदावर लिहायला सांगा. तो कागद घेऊन प्रशिक्षकांना भेटा. स्टेडियमवर नको, तालमीत भेटा, शांतपणे. सरावात शेवटची वीस मिनिटं एकच खेळ घ्यायला सांगा. बॉल हिसकावला की बाहेरच्या पोरांनी मोठ्यानं दहा आकडे मोजायचे आणि दहाच्या आत गोलवर फटका गेलाच पाहिजे. नाही गेला तर बॉल दुसऱ्या टीमला. मी शाळेच्या पोरांवर हा खेळ वर्षानुवर्षं घेतला. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ होतो. तिसऱ्या आठवड्यात बॉल हिसकावण्याआधीच दोघं पळत असतात.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे पण मनापासून सांगतो. तुमच्या हाफनं धाडस करून लांबचा पास टाकला आणि तो चुकला, तेव्हा गॅलरीतून काय आवाज येतो ते ऐका. "घालवला की रं!" हा आवाज वीस वर्षांच्या पोराच्या छातीत जाऊन बसतो. आडवा पास दिला तर कुणी काही म्हणत नाही. चुकलेल्या चांगल्या पासला तुम्ही चार-पाचजणांनी टाळ्या वाजवून बघा. आमच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ पास चुकला तरी ओरडायचे, "परत टाक!" माझ्या हाफनं कितीतरी वेळा त्यांचं ऐकलं.

प्रश्न : थ्रो-इनवरून आमच्या पोरानं गोल केला. आमच्या शेजारचे सगळे ऑफसाईड ऑफसाईड म्हणून ओरडत होते. रेफरींनी गोल दिला. बरोबर होतं का?
— एक कॉलेज विद्यार्थी, कळंबा

उत्तर : रेफरी बरोबर होते. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर या तिन्हींतून बॉल थेट मिळाला तर ऑफसाईड नसतो. स्वतःच्या हद्दीत उभ्या असलेल्यालाही नसतो, म्हणून हुशार विंग मध्यरेषेच्या अलीकडून पळ सुरू करतो. थ्रो-इनची ही सूट १९२० पासूनची आहे. पूर्वी ऑफसाईड टाळायला आपल्या आणि गोललाइनच्या मध्ये विरोधी संघाचे तीन खेळाडू लागायचे. १९२५ला तिनाचे दोन केले, तर इंग्लिश लीगमध्ये एका सीझनला ४,७०० होणारे गोल पुढच्या सीझनला ६,३७३ झाले. थ्रोवर तुमच्या पोरानं डोकं चालवलंय, त्याचं कौतुक करा.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. बॉल मिळाला की तो दोघा-तिघांना चकवत पुढं जातो. निम्म्या वेळा बॉल जातो. मैदानावर त्याला सारखं "पास दे, पास दे" म्हणून ओरडतात. हल्ली तो बॉल आला की लगेच देऊन टाकतो आणि घरी येऊन गप्प बसतो. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. काय करू?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुम्हाला फुटबॉलमधलं कळत नाही असं म्हणू नका. पोरगं घरी येऊन गप्प बसतं हे तुम्हाला कळलं, ते मैदानावर कुणाला कळलेलं दिसत नाही. वरच्या पत्रातले फौंड्रीवाले दादा ज्याला शोधताहेत ना, तो तुमच्या घरात आहे.

अकराव्या वर्षी चकवायचं नाही तर कधी? पास द्यायला पंधराव्या वर्षीही शिकवता येतं. माणसाच्या अंगावर बॉल घेऊन जायची हिंमत एकदा गेली की मी तरी ती परत आलेली फारशी पाहिली नाही. प्रशिक्षकांना एवढंच विचारा, की त्याला दोन जागा ठरवून देता येतील का? आपल्या डीजवळ बॉल आला तर पटकन पास, समोरच्यांच्या हद्दीत गेल्यावर हवं तेवढं चकवू दे. मुलं असा नियम लगेच पाळतात. घराजवळ चार विरुद्ध चार खेळायला मिळत असेल तर रोज सोडा. छोट्या खेळात बॉल सारखा पायात येतो, आणि एकदा गेला तरी मिनिटाभरात पुन्हा संधी मिळते. २०१७ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि तो फॉरवर्ड आहे, हे मुलाला जरूर सांगा.

मॅचहून आला की "जिंकलात का?" हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, "आज किती जणांना चकवलंस?" शून्य म्हणाला तर उद्या एकाला चकवून ये म्हणावं.

आणि वाढत्या अंगाचा आहे म्हणून बूट एक नंबर मोठे घेत असाल तर घेऊ नका. मोठ्या बुटात पाय आत सरकतो, बॉल बोटांना लागायच्या ऐवजी रिकाम्या चामड्याला लागतो आणि दोन फूट लांब जातो. त्याचा निम्म्या वेळा जाणारा बॉल कदाचित तिथंच जात असेल. मापाचे घ्या, वर्षभरात बदलावे लागले तरी चालेल. नवे घ्यायच्या आधी जुने घालून टाचेमागं बोट शिरतंय का तेवढं आज संध्याकाळी बघा.