वडिलांच्या कानाच्या वरच्या कडेला कडक गाठ आलीय, अजिबात दुखत नाही, काय असेल?

वय आणि युरिक अॅसिडचा त्रास आहे का हे लिहिलं नाहीत, पण पन्नाशी ओलांडलेली असेल आणि पूर्वी कधी पायाचा अंगठा सुजून लाल होऊन रात्री झोप उडाली असेल तर माझा पहिला संशय गाऊटवर, म्हणजे युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या सांध्यांच्या आजारावर. युरिक अॅसिड बरीच वर्षं वाढलेलं राहिलं की त्याचे स्फटिक साचतात, आणि कानाची कड शरीराच्या मानाने थंड असते म्हणून तिथे जास्त जमतात, वरून पांढरट पिवळसर दिसतं, फुटलं तर खडूच्या चुऱ्यासारखं बाहेर येतं. याला टोफाय म्हणतात. कानावर मलम चोळून काही होत नाही, रक्तातलं युरिक अॅसिड गोळ्यांनी ६ mg/dL च्या खाली ठेवलं की गाठी हळूहळू विरघळतात, महिने लागतात, कधी वर्षंही.

गाठ कान टोचलेल्या जागी असेल तर मग बहुतेक केलॉइड (जखमेचा व्रण जास्त वाढून झालेली गाठ), ती नुसती कापली तर परत येते, कधी आधीपेक्षा मोठी, त्यामुळे स्टिरॉइडची इंजेक्शनं वगैरे सोबत लागतात. पाळीत गोल, मधे काळा ठिपका असलेली असेल तर सिस्ट (त्वचेखालची छोटी पिशवी), ती दाबून फोडायच्या भानगडीत पडू नका प्लीज. आणि दोन्ही कानांना जन्मापासूनच बारीक उंचवटा असेल तर तो आजार नाहीच.

दुखत नाही म्हणून सोडून मात्र देऊ नका, कारण त्वचेचा कॅन्सरही सुरुवातीला दुखत नाही. गाठ वाढतेय, खपली धरते, रक्त येतं, जखम ३-४ आठवड्यांत भरत नाही, यातलं काही असेल तर स्किनवाल्या किंवा ईएनटी डॉक्टरला दाखवा, गरज वाटली तर ते छोटा तुकडा काढून तपासतील.