आधी माणूस, मग मॉकअप

अगं,

तुझा मेल रात्री वाचला आणि झोप उडाली. चाळीस विद्यार्थी, दोन दिवस, पाच ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांचं ‘रीडिझाईन’, शेवटी सादरीकरण आणि वडापाव. हॉल ठरलाय, टी-शर्टचा रंगसुद्धा ठरलाय. चार प्रकल्पांकडून उत्तर नाही, पाचव्यानं ‘नको’ कळवलंय. म्हणून तू विचारतेयस, यांना डिझायनर नकोच असतात का?

हवे असतात गं. पाहुणे नको असतात. दमून घरी आलेल्या माणसाच्या दारात चाळीस जण उभे राहून ‘तुमचं घर आम्ही सजवतो’ म्हणाले, तर तो काय करेल?

कुणाशी बोललीस? सगळ्यांना एकच मसुदा पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे. गेल्या तीन महिन्यांत त्या प्रकल्पात कोड कोण मर्ज करतंय, म्हणजे आलेला बदल मूळ प्रकल्पात कोण सामील करून घेतंय, ते तुला माहीत आहे का? नसेल तर हॉल सोड, स्क्रीनची नमुना चित्रं नंतर काढता येतील. आधी माणूस, मग मॉकअप.

बारा वर्षांपूर्वी आम्ही सहा जणांनी एका मराठी कीबोर्डचं रूपडं पालटलं होतं. त्रेचाळीस स्क्रीन. पैठणीच्या काठावरून उचललेले रंग, बटण दाबलं की खाली हलकी सावली. पीडीएफ मोठ्या ऐटीत पाठवली. तो प्रकल्प सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, दिवसा शाळेत शिकवायचा आणि रात्री दहानंतर कोड लिहायचा. त्याचं उत्तर एका ओळीचं: ‘सुंदर आहे. यात ऱ कुठाय?’

नव्हता. त्रेचाळीसपैकी एकाही स्क्रीनवर नव्हता. साध्या र चा पाय मोडून पुढे य लावला की रफार होतो, म्हणून ‘दुसऱ्या’ लिहायला जावं तर ‘दुसर्या’ उमटायचं. वापरणारे दीड वर्ष हेच सांगत होते. तक्रारीची नोंद, म्हणजे इश्यू, प्रकल्पाच्या पानावर उघडा पडला होता आणि आम्ही तो वाचलाही नव्हता. वर मी चिडून ‘तुम्हाला डिझाईनची दृष्टी नाही’ असं लिहिलं. ते वाक्य अजून तिथे आहे, माझ्या नावासकट.

वर्षभरानं त्याच्याकडे गेलो, या वेळी हात हलवत. शेजारी बसलो. र दाबून धरला की वर ऱ दिसावा, एवढाच बदल ठरला. त्याला तीन आठवडे लागले, कारण बटण किती मिलिसेकंद धरायचं यावरून आम्ही भांडलो. त्याच्या आईला टाईप करायला बसवलं तेव्हा दोघंही चूक निघालो. मर्ज झालेलं माझं पहिलं काम ते.

तू ब्लेंडरचा, त्या थ्रीडी ॲनिमेशनच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा, दाखला दिलायस. बरोबर, २०१९ च्या २.८ आवृत्तीनं इंटरफेस पालटला, डाव्या क्लिकनं वस्तू निवडणं ही मूळ सेटिंग झाली. पण त्याच्या मागचं बघ. २००६ च्या ‘एलिफंट्स ड्रीम’पासून ॲमस्टरडॅममध्ये चित्रकार आणि प्रोग्रामर एकाच फिल्मसाठी एकत्र बसत आलेत. चित्रांचे थर एकत्र जोडणाऱ्या कंपोझिटरमधले नोड, म्हणजे एकमेकांना जोडायचे चौकोन, त्या फिल्मच्या गरजेतून आले. लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपचंही तेच. सन मायक्रोसिस्टिम्सनं २००१ मध्ये लोकांना प्रत्यक्ष बसवून चाचणी घेतली आणि पुढच्या वर्षी प्रोग्रामरला हाताशी धरता येतील असे लिखित नियम आले. वीकेंडमध्ये यातलं काही झालेलं नाही. माणूस आधी होता.

तेव्हा चाळीस नको, सहा मुलं घे. प्रकल्प एक. मेंटेनरला विचार, कुठल्या तक्रारीनं तुम्ही वैतागलाय? तीच घ्या. सहा आठवडे, दर आठवड्याला अर्धा तास, तोही त्याच्या सोयीनं. तो जर्मनीत असला तर आपल्याकडे रात्र होईल, होऊ दे. फिग्मा या डिझाईनच्या बंदिस्त ॲपची लिंक फेकून मोकळी होऊ नकोस. पेनपॉट या तशाच पण ओपन सोर्स ॲपमध्ये करा, निदान एसव्हीजी या खुल्या प्रकारातली चित्राची फाईल तरी द्या, म्हणजे उद्या तुम्ही नसलात तरी कुणालाही ती फाईल उघडता येईल. आणि मुलं आयकॉन कुठून उचलतात ते तपास. ‘व्यावसायिक वापर नाही’ अशी अट असलेलं चित्र मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही. मुलांनी रात्र जागून केलेलं काम एवढ्यावरून परत आलेलं मी पाहिलंय.

मुलांना पोर्टफोलिओ हवा असतो म्हणतेस. मग मर्ज झालेलं एक बटण दाखवू देत. सोळा काल्पनिक स्क्रीन सगळ्यांकडेच असतात.

तुझ्या कानावर आलंच असेल, मी एका कॉलेजचा असाच कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द केला होता. केला. प्रायोजकांचे बॅनर लागले होते, मेंटेनर एकही नव्हता. बाहेरगावच्या मुलांनी तिकिटं काढली होती हे मला कुणी सांगू नये. त्यातल्या तिघांचे पैसे मी खिशातून भरले. आयोजक आजही माझ्याशी बोलत नाहीत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा रद्द करेन. चार दिवस आधी करेन, एवढंच.

तो ‘नको’ म्हणणारा पाचवा आहे ना, त्याचं उत्तर मला जसंच्या तसं पाठव. चौघं गप्प बसले, यानं निदान टाईप करण्याची तसदी घेतली. बहुधा काय नको तेही लिहिलं असेल आणि तू रागात पुढचं वाचलं नसशील. शनिवारी चारला ये. तोवर त्याचे उघडे इश्यू सगळ्यात जुन्यापासून वाचून काढ. आणि टी-शर्ट छपाईला गेले नसतील तर आजच फोन करून थांबव.