तुमच्यासाठी प्रार्थना करू नका, असं योहान म्हणत नाही

प्रिय ताई,

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. वडील अतिदक्षता विभागात होते. मंडळीनं उपास धरले, रात्र रात्र प्रार्थना केल्या, तरी ते गेले. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही ओरडलात, की पवित्र आत्मा वगैरे सगळं थोतांड आहे. त्याहून वाईटही काही बोललात. तेव्हापासून रोज झोपण्याआधी मार्क ३:२९ वाचता, पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही असं सांगणारी बायबलमधली ओवी, आणि चर्चमधलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, घेत नाही. तुमचे पाळक म्हणाले, पापात लहान-मोठं काही नसतं. सासरच्या कॅथलिक मंडळींचे फादर म्हणाले, असतं, पण तुमचं तसं नाही. आणि प्रार्थनागटातल्या एका बाईंनी बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:१६ काढून सांगितलं, ‘मरणाच्या पापासाठी प्रार्थना करायची नसते, आता तुमच्यासाठी आम्ही काय मागणार?’

या शेवटच्या वाक्याचा मला मनापासून राग आला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ती ओवी उघडा आणि पहिल्या अर्ध्या भागावर थांबा. आपला भाऊ पाप करताना दिसला, तर त्याच्यासाठी मागा, देव त्याला जीवन देईल, असं योहान सांगतो. ओवी आहे ती एकमेकांसाठी प्रार्थना करण्याबद्दल. मग तो म्हणतो, मरणास कारण होणारंही पाप आहे, त्याविषयी मागावं असं मी म्हणत नाही. म्हणजे मागायची आज्ञा देत नाही, पण ‘मागू नका’ असंही म्हणत नाही. आणि ते पाप कोणतं, हे तो सांगतच नाही. पत्राच्या आधीच्या भागात येशूला नाकारून मंडळी सोडून गेलेल्यांचा उल्लेख आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक या ओवीचा संबंध त्यांच्याशी जोडतात. पण योहानानं यादी दिलेली नाही, आणि कोणा एका बाईकडे बोट दाखवून ‘ही त्यातली’ असं ठरवायचा अधिकार तर कोणालाच दिलेला नाही. शिवाय तीनच ओव्या आधी, ५:१३ मध्ये, आपण हे का लिहितो तेही तो सांगतो: तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून. त्याच पत्राच्या आधारे एका शोकात बुडालेल्या मुलीला प्रार्थनेतून वगळायचं? ताई, त्या बाईंचं ऐकू नका.

आता फादर आणि पाळक. त्यांची उत्तरं वाटतात तेवढी दूर नाहीत. कॅथलिक शिकवणीत पाप मारक, म्हणजे देवाशी नातं तोडणारं मोठं पाप, ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर हवा, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासूनची संमती हवी. भावनेच्या भरात संमती अपुरी पडते, हेही ती शिकवण मानते. म्हणून फादर तसं म्हणाले. पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मारक पाप म्हणजे क्षमा नसलेलं पाप नव्हे. खून, व्यभिचार यांचीही पश्चात्ताप आणि पापनिवेदनानंतर, म्हणजे फादरांजवळ पाप कबूल केल्यावर, क्षमा होते, असं कॅथलिक चर्च शिकवतं. पाळक ज्या प्रोटेस्टंट परंपरेतले आहेत, ती रोमकरांस ६:२३ वर बोट ठेवते: पापाचं वेतन मरण, मग ते कुठलंही असो, आणि ख्रिस्तात क्षमाही त्या सगळ्याची. म्हणजे तुम्हाला क्षमेच्या बाहेर दोघांपैकी कोणीच काढलेलं नाही.

राहिलं मार्क ३:२९. त्याच्या पुढची ओवी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, ती जरूर वाचा. येशू हे का बोलला, याचं कारण तिथेच आहे. यरुशलेमेहून आलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, येशूच्या हातून माणसं बरी होताना डोळ्यांनी बघत होते आणि शांतपणे, विचारपूर्वक म्हणत होते, की हे भुतांच्या अधिपतीचं काम आहे. त्यांना क्षमा नकोच होती. तुम्हाला हवी आहे. येशूचा शिष्य पेत्र यानं शापून, शपथा वाहून प्रभूला नाकारलं. प्रेषित पौल तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतःला सरळ ‘निंदक’ म्हणतो. दोघांनाही परत घेतलं गेलं.

‘भीती वाटते म्हणजे तुम्ही ते पाप केलं नाही’ हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. ते खरं आहे, पण त्यानं तुमची रात्र सुटत नाही, कारण मग मन विचारतं, माझी भीती खरी कशावरून? या तपासणीला अंत नाही. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाशियस 1522 साली स्पेनमधल्या मान्रेसा गावात याच फेऱ्यात अडकले होते. तीच जुनी पापं पुन्हा पुन्हा निवेदन करायची, तरी मन निवायचं नाही, जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली. शेवटी जुनं काही पुन्हा निवेदन करायचं नाही, असा निश्चय करून ते त्यातून बाहेर आले. तुम्हीही रात्रीचं ते वाचन आजपासून बंद करा. क्षमा एकदा मागितलीत, पुरे. तरीही विचार थांबत नसतील, झोप, जेवण बिघडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यानं विश्वास कमी ठरत नाही. आणि जगू नये असं कधी वाटलं, तर त्याच क्षणी नवऱ्याला उठवून सांगा.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. जिन्यातल्या त्या रात्रीवर तुम्ही तीन पानं लिहिली आहेत. मधेच एक ओळ आहे: ‘बाबांना उशिरा नेलं म्हणून भावाला मी नको ते बोलले, तेव्हापासून आम्ही बोलत नाही.’ पुढे त्याचा उल्लेखच नाही. मला वाटतं, न केलेल्या पापाच्या भीतीखाली केलेलं पाप झाकलं गेलं आहे. देवाला बोललेलं देवानं कधीच ऐकून घेतलं असेल. स्तोत्रांमध्ये त्याला कमी कडक शब्द ऐकवलेले नाहीत. भावाला बोललेलं मात्र अजून भावाजवळच आहे. त्यानंही बाप गमावला आहे, आणि वर बहिणीनं दोष त्याच्या माथी मारला.

मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो, दान वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. तुम्ही दानही सोडलंत आणि भावालाही. या आठवड्यात त्याला फोन करा. उशीर झाला होता की नव्हता, हा वाद काढू नका. ‘मी तुला बोलले ते चुकीचं होतं, मला माफ कर’ एवढंच म्हणा. तो फोन आपटेलही, त्याला वेळ द्या. तो काहीही म्हणाला तरी रविवारी पाळकांना भेटा, झालेलं सांगा आणि प्रभुभोजन घ्या.

मी तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे. भावाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्याच्यासाठीही.

तुमची,
मावशी