आधी शेपटीवरची अक्षरं वाचा

प्रश्न : आम्ही वरूड तालुक्यातले संत्रा बागायतदार. मुलगा पुण्यात शिकत असताना हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकला. भारताचं ग्लायडर पायलट लायसन्सही त्याच्याकडं आहे. दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. तिथल्या क्लबच्या ग्लायडरमधून एकट्यानं उडाल्याचे फोटो त्यानं पाठवले. पानठेल्यावर एक जण म्हणाले, आपलं लायसन्स तिथं चालत नाही, पोरगा जेलात जाईल. मुलगा म्हणतो, लायसन्स आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे. पुढच्या महिन्यात तो क्लबसोबत ऑस्ट्रियात उडायला जाणार आहे. शिवाय तिथलं एक जुनं ग्लायडर विकत घेऊन गावी आणायचं आणि आपल्या पडीक वावरातून उडवायचं, असंही त्याच्या डोक्यात आहे. यातलं खरं काय?

उत्तर : भाऊ, पानठेल्यावरचा कायदा बहुतेक वेळा अर्धा बरोबर असतो. गंमत अशी की तुमच्या मुलाचं म्हणणंही तितकंच, अर्धं, बरोबर आहे.

वरूडचं ड्रायव्हिंग लायसन्स खिशात असलेला माणूस एमपी पासिंगचा ट्रॅक्टर पांढुर्ण्याला नेतो, त्याला कोणी अडवत नाही. विमानाचं तसं नसतं. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचं कलम ३२ सांगतं, की विमान ज्या देशात नोंदलेलं, त्याच देशानं दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स वैमानिकाकडं हवं. म्हणजे पासिंग ज्या देशाचं, लायसन्स त्या देशाचं. क्लबच्या ग्लायडरच्या शेपटीवर ‘डी’ हे जर्मन नोंदणीचं अक्षर असणार. भारतीय लायसन्स ‘व्हीटी’ या भारतीय नोंदणीच्या अक्षरांच्या विमानासाठी.

मग आंतरराष्ट्रीय दर्जाचं काय? तो दर्जा खोटा नाही. कलम ३३ प्रमाणे इतर देशांनी लायसन्स मानायचं ते विमानाच्या नोंदणीच्या देशानं दिलेलं. तुमचा मुलगा व्हीटी ग्लायडर घेऊन जर्मनीत गेला असता तर हे कलम त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं. जर्मन ग्लायडरवर ते त्याच्या उपयोगाचं नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय मापदंड हा किमान असतो : ग्लायडरसाठी ६ तास आणि २० उड्डाणं. युरोपीय संघाच्या नियमांत १५ तास प्रशिक्षण आणि ४५ उड्डाणं लागतात, वर एक लांब पल्ल्याचं उड्डाण : एकट्यानं ५० किलोमीटर किंवा प्रशिक्षकासोबत १००.

आता जेल. जर्मन विमान वाहतूक कायद्याच्या कलम ६० मध्ये विनापरवाना उड्डाणाला २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. घाबरू नका, कारण सगळं एका गोष्टीवर अडलं आहे : तो एकटा उडाला तेव्हा प्रशिक्षकानं त्याला शिकाऊ म्हणून, स्वतःच्या देखरेखीखाली सोडलं होतं का? तसं असेल तर विनापरवाना उड्डाणाचा गुन्हा नाही. शिकाऊ वैमानिकाला तिथं १४व्या वर्षापासून असं एकट्यानं उडता येतं. पण क्लबमधला एखादा जुना सभासद ‘तुझ्याकडं लायसन्स आहे ना, जा’ एवढंच म्हणाला असेल, तर त्यानं आजपासून एकट्यानं उडणं थांबवावं आणि तिथल्या वकिलाला भेटावं. क्लबला मनानं खुलासे लिहून देऊ नयेत, हे बापाच्या नात्यानं तुम्ही सांगा. आजकालची पोरं ईमेल करायला फार घाई करतात.

मला जेलपेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. तिकडं ग्लायडरलाही तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. उदाहरणार्थ, क्लबातलं दोन आसनी एएसके-२१ ग्लायडर. त्याचं कमाल वजन ६०० किलो, म्हणजे त्याला किमान १५ लाख एसडीआरचं संरक्षण लागतं. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, रुपयांत ही रक्कम काही कोटींत जाते. वर उचलणारी हवा पडली की ग्लायडर दुसऱ्याच्या शेतात उतरतं, हे त्या खेळात नित्याचं. उभ्या पिकाची भरपाई मागणारा शेतकरी तिथंही आहेच. अशा वेळी विमा कंपनी पहिल्यांदा पायलटचं लायसन्स बघते.

तेव्हा मुलानं हडपसरचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, क्लबच्या प्रशिक्षण विभागासमोर ठेवावं, आधीचे किती तास जमा धरता येतील ते लेखी विचारावं आणि युरोपीय ग्लायडर लायसन्सच काढावं. ते झालं की ऑस्ट्रियाचा प्रश्न आपोआप सुटतो, कारण ते संघातल्या सगळ्या देशांत चालतं. तोवर ऑस्ट्रियात प्रशिक्षकाच्या मागंपुढं बसून जावं, एवढंच. मिळाल्यावर ते घरी ठेवून विसरण्याजोगं नाही : मागच्या २४ महिन्यांत ५ तास, १५ उड्डाणं आणि प्रशिक्षकासोबतची दोन उड्डाणं नसतील तर एकट्यानं उडता येत नाही.

वावरातलं ग्लायडर? इथं तुमच्या मुलाची खरी पंचाईत आहे. जर्मन नोंदणीचंच ग्लायडर आणलं, तर तुमच्याच धुऱ्यावरून उडताना त्याचं भारतीय लायसन्स कुचकामी! आणि जर्मनीत काढलेलं युरोपीय लायसन्स दाखवलं, तर कलम ३२ च्याच दुसऱ्या भागाप्रमाणे आपल्या नागरिकाला परदेशानं दिलेलं लायसन्स स्वतःच्या हद्दीत न मानण्याचा हक्क भारताला आहे. सरळ मार्ग म्हणजे जर्मन नोंदणी रद्द करून इथं व्हीटी नोंदणी घेणं. एकाच वेळी दोन देशांत नोंदणी चालत नाही. त्यासोबत आयातीची परवानगी, सीमाशुल्क आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र आलं. ‘इंजिन नाही तर विमान कसलं’ हा युक्तिवाद करू नका. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाच्या व्याख्येत ग्लायडर नावानिशी आहे, पतंगसुद्धा आहे. हा सगळा खर्च जोडाल तर ग्लायडरची किंमत त्यापुढं किरकोळ वाटेल. म्हणून सौदा करण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडं लेखी अर्ज करून उत्तर घ्या. बयाणा तोवर देऊ नका.

आज संध्याकाळी मुलाला फोन कराल तेव्हा, एकट्यानं उडाला त्या दिवसांच्या लॉगबुकाच्या पानांचे फोटो मागवा. प्रशिक्षकाची सही असेल, तर एक प्रत पानठेल्यावरही दाखवून या.