कुरडईच्या उलट वाटेने

आषाढ संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. वर्षभर मांसाहार करणारी, पण श्रावण कसोशीने पाळणारी घरे महिनाभरापुरते ‘मटणासारखे काहीतरी’ शोधू लागतात, आणि अलीकडे मांस कायमचे सोडलेल्या तरुण वाचकांचीही त्यांत भर पडली आहे. या विषयावर आलेल्या पत्रांतील पाच येथे घेतली आहेत. मांसाची रेष, त्याचा चिवटपणा, त्याची चव आणि त्यातील प्रथिने एकाच तुकड्यात सापडतात. वनस्पतींमध्ये मात्र ती निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली असतात. त्यामुळे आपल्याला यांतले नेमके काय हवे आहे, हे प्रश्न विचारण्याआधीच ठरवले तर पुढची बरीचशी निराशा टळते.

प्रश्न : गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्यात धुतला की त्यातून ‘सेतान’ नावाचा मांसासारखा पदार्थ तयार होतो, असे वाचल्यावरून मी चपातीची कणीक मळून नळाखाली धरली. दहा मिनिटांत सगळे पीठ वाहून गेले आणि हातात कोंड्याचा लगदा राहिला. माझे काय चुकले? शिवाय इतके ग्लुटेन पोटात जाणे बरे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या तीन चुका झाल्या, आणि तिन्ही सहज सुधारण्याजोग्या आहेत. त्या सांगण्याआधी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. सोलापूरकडच्या घरात उन्हाळ्यात कुरडया होत असतील, तर या पदार्थाची निम्मी कृती आपल्याला आधीच येते. कुरडईसाठी आपण गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, वाटतो, पिळतो आणि तळाशी बसलेला पांढरा चीक ठेवून चोथा गुरांपुढे टाकतो. सेतान म्हणजे हाच व्यवहार उलट्या दिशेने: येथे चीक वाहू द्यायचा आणि मागे उरणारा चिवट भाग ठेवायचा. हा चिवट भाग म्हणजेच ग्लुटेन: गव्हातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने पाण्याच्या संगतीने एकमेकांत गुंतून झालेले जाळे होय. चीनमधील बौद्ध मठांत हा पदार्थ शतकानुशतके रांधला जात आहे; ‘सेतान’ हे नाव मात्र जपानी असून ते विसाव्या शतकातले आहे. युरोपात पिठाचा गोळा धुऊन हा भाग वेगळा काढण्याचे वर्णन बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाच्या नावावर असून ते १७४५ साली छापले गेले.

आता चुकांकडे वळू. पहिली चूक पिठाची. कणकेतील कोंड्याचे कण हे जाळे जागोजागी कापतात, म्हणून निदान पहिल्या खेपेला मैदाच घ्यावा. दुसरी चूक घाईची. मळलेल्या गोळ्याला विश्रांती मिळाली नाही, तर प्रथिनांना एकमेकांत गुंतायला वेळच मिळत नाही. तिसरी चूक वाहत्या नळाची. सुरुवातीचे धुणे परातीत, साठवलेल्या पाण्यातच व्हायला हवे.

एक किलो मैद्यात चहाचा एक चमचा मीठ आणि साडेपाचशे ते सहाशे मिलिलिटर पाणी घालून पुरीच्या पिठासारखा घट्ट गोळा मळावा आणि दहा मिनिटे चांगला तिंबावा. मग तो पातेल्यातील गार पाण्यात पूर्ण बुडेल असा किमान तासभर ठेवावा. त्यानंतर परातीत भरपूर पाणी घेऊन त्यात गोळा हलक्या हाताने दाबत राहावा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते ओतून नवे घ्यावे, आणि असे चार-पाच वेळा करावे. मधल्या टप्प्यावर गोळा फाटून त्याच्या चिंध्या होतात आणि सगळे बिघडले असे वाटते. बहुतेकजण येथेच हात टेकतात. परंतु चाळणीवर त्या चिंध्या गोळा करून दाबत राहिले, की त्या पुन्हा एकजीव होतात. पाणी किंचित गढूळ उरेपर्यंतच धुवावे, कारण थोडा चीक आत राहिलेला बरा. तो पूर्ण काढला तर शिजल्यावर पदार्थ रबरासारखा लागतो. किलोभर मैद्यातून अडीचशे ते तीनशे ग्रॅम ओला गोळा हाती येतो.

हा गोळा अर्धा तास चाळणीत निथळत ठेवावा, मग त्यावर आले-लसूण, मीठ आणि दोन चमचे बेसन चोळावे. रेष हवी असेल तर खरे काम यानंतरचे आहे. गोळ्याच्या लांब पट्ट्या ओढाव्यात, त्यांना पीळ द्यावा, वेणी घालावी आणि शेवटी घट्ट गाठ मारावी. ही गाठ ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात बांधून मोदकपात्रात पाऊण तास वाफवावी. खळखळत्या पाण्यात थेट सोडू नये, कारण त्याने ती फुगून स्पंजासारखी होते. वाफवल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी हातानेच रेषेरेषेने फाडावी (सुरीने कापली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते), तेलावर परतावी आणि रश्शात शेवटची पंधरा मिनिटे शिजू द्यावी.

पहिल्या दोन पाण्यांतला चीक टाकू नये, ही आमची आग्रहाची विनंती. चार-पाच तासांत तो तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून, हिंग-मीठ घालून शिजवला आणि वर तेलाची धार सोडली, तर मुले तो आवडीने खातात. कुरडईच्या चिकाचा आंबूसपणा त्यात नसतो, एवढाच फरक. उलट बाजूने, कुरडईच्या चोथ्यातून सेतान काढण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण तीन दिवसांच्या आंबण्याने ते जाळे सैल पडलेले असते.

आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल : ज्यांना सीलिअॅक आजार (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा विकार) किंवा गव्हाची अॅलर्जी आहे त्यांनी या पदार्थाला स्पर्शही करू नये. इतरांना तो अपायकारक नाही. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळींत भरपूर असते, म्हणून याच्या जोडीला ताटात आमटी असावी.

प्रश्न : सोयाबीनच्या वड्या घरी करता येतील का? विकतच्या वड्यांना एक हिरवट वास येतो आणि रश्शात त्या बाहेरून मसालेदार पण आतून फिक्या लागतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घरी करता येणार नाहीत. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनचे पीठ यंत्रात मोठ्या दाबाखाली, पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापमानाला दाबून पुढे ढकलले जाते आणि तोंडाशी दाब एकदम सुटताच आतल्या पाण्याची वाफ होऊन ती वडी फुलते. तिची जाळी आणि रेष या स्फोटातून येते. साध्या कुकरला हे जमणारे नाही.

वास मात्र घालवता येतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात वड्या सहा-सात मिनिटे शिजवाव्यात, पिळाव्यात, गार पाण्यात टाकून पुन्हा पिळाव्यात, आणि हे दोन-तीन वेळा करावे. पिळताना दया दाखवू नये. आत उरलेले पाणी हेच फिकेपणाचे कारण असते, कारण जो स्पंज आधीच भरलेला आहे तो रस्सा शोषणार कसा? घट्ट पिळलेल्या वड्यांना मीठ, हळद, आले-लसूण आणि लिंबाचा रस चोळून अर्धा तास ठेवावे, तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परतावे आणि मगच रश्शात सोडावे. रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवावा.

वाळलेल्या वड्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात, हा आकडा पाकिटावर पाहून अनेकजण हरखतात. भिजल्यावर वडीचे वजन अडीच-तीन पट होते, हे लक्षात घेऊन वाटीचा हिशेब करावा.

जाता जाता आमचे मत. रश्शातली ‘मटणाची चव’ आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ अंशी मटणाची नसतेच. ती काळपट होईपर्यंत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याची, दगडफुलाची आणि वर तरंगणाऱ्या तर्रीची असते. विदर्भ-खानदेशात पाटवडीचा रस्सा मटणाच्या पंगतीला तोडीस तोड उभा राहतो तो याच वाटणाच्या बळावर, आणि पाटवडीला ना रेष असते ना ती मटणाची नक्कल करते. चवच हवी असेल, तर आम्ही सोयाबीनच्या आधी पाटवडी सुचवू.

प्रश्न : आमच्या परड्यात फणस आहे. कोवळा फणस हा मांसाला पूर्ण पर्याय आहे, असे सध्या सगळीकडे वाचतो. यंदा श्रावणात तसा बेत करावा म्हणतो.
— एक वाचक, कणकवली

उत्तर : बेत एक तर चार महिने उशिरा किंवा आठ महिने लवकर आहे. श्रावणापर्यंत आपल्या झाडावर कुयरी (कोवळा फणस) उरलेली नसते. पुढच्या वर्षी फाल्गुन-चैत्रात, आठळ्या कडक होण्यापूर्वी फणस काढावा. विळीला आणि हातांना तेल लावून साले काढावीत, फोडी हळद-मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवाव्यात, कोरड्या करून डीपफ्रीजमध्ये ठेवाव्यात. श्रावणात त्या बाहेर काढून हाताने मोकळ्या करून परतल्या, की रेष अगदी हुबेहूब मिळते.

रेष मिळते, प्रथिने मिळत नाहीत. कोवळ्या फणसात शंभर ग्रॅममागे दोन-अडीच ग्रॅमच प्रथिने असतात. परदेशांत त्याला मांसाचा पर्याय म्हणून डबाबंद स्वरूपात विकतात, ते दिसण्यापुरते खरे आहे. आपल्या आज्या त्याला भाजी म्हणत आल्या, ते अधिक खरे. फणसाच्या बेताला काळ्या वाटाण्याच्या उसळीची जोड द्यावी.

प्रश्न : मी घरी टेम्पे (बुरशीने बांधलेल्या सोयाबीनच्या दाण्यांचा पदार्थ) करून पाहिले. पहिल्या वेळी ते छान पांढरे झाले, दुसऱ्या वेळी काळे ठिपके आले आणि तिसऱ्या वेळी गुलाबी चिकट थर आला. तिन्ही खाण्यायोग्य होती का? त्यात ओले खोबरे घातले तर चव वाढेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिले उत्तम. दुसरे बहुधा ठीक, कारण पिशवीच्या छिद्रांपाशी हवा जास्त मिळाली की बुरशीला बीजाणू धरतात आणि ते करडे-काळे दिसतात. तिसरे फेकून देण्याचे. गुलाबी, केशरी किंवा पिवळा रंग, बुळबुळीत थर आणि डोळ्यांत जाणारा उग्र वास यांपैकी काहीही आढळले, तर चव घेऊनसुद्धा पाहू नये.

जावा बेटावरचा हा पदार्थ ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीने दाणे एकमेकांना बांधल्याने तयार होतो, म्हणून इडलीच्या पिठाचा अनुभव येथे फारसा कामाला येत नाही. सोयाबीन रात्रभर भिजवून, चोळून साले काढून, बोटांत दबेल इतके शिजवल्यावर ते फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करावे. बहुतेक टेम्पे बिघडते ते दाण्यांवर राहिलेल्या ओलाव्याने. दाणे कोमट झाल्यावर अर्धा किलो सोयाबीनला दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि पाकिटावर दिलेल्या प्रमाणात टेम्पेचे विरजण (म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू) घालावे. टाचणीने छिद्रे पाडलेल्या पिशवीत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर भरावा आणि ३० ते ३२ अंश सेल्सिअस तापमानात दीड दिवस ठेवावे. बारा-चौदा तासांनंतर बुरशी स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. तेव्हा पांघरूण काढले नाही तर ती स्वतःच्या ऊबेने मरते आणि जागा दुसऱ्या जंतूंना मिळते. आपले तिसरे टेम्पे याच कारणाने बिघडले असावे. तयार टेम्पे नेहमी शिजवून किंवा तळूनच खावे.

खोबरे मुळीच घालू नये. हे आम्ही कडक शब्दांत लिहीत आहोत, कारण कोकणी किंवा गोव्याच्या हाताला तो मोह होणारच. जावामध्ये खोबऱ्याच्या चोथ्याचे ‘टेम्पे बोंगक्रेक’ करीत असत. त्यात एक जिवाणू वाढून बोंगक्रेकिक आम्ल हे विष तयार होते आणि ते शिजवण्याने नष्ट होत नाही. अनेक माणसे दगावल्यानंतर इंडोनेशियाने १९८८ साली त्यावर बंदी घातली. खोबरे रश्शात घालावे.

शेतकरी घरांसाठी आणखी एक सूचना : पेरणीसाठी आणलेले सोयाबीनचे रंगीत बियाणे बुरशीनाशक लावलेले असते, ते धुऊनही वापरू नये.

प्रश्न : आम्ही घरी मासे खाणारे. श्रावणात मटणाची आठवण येत नाही, बांगड्याची येते. त्यावर काही उपाय आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : माशाचे मांस थरांनी सुटते, ते वनस्पतींत साधणे कठीण, पण तव्यावरचा कुरकुरीत काप आणि हुमणाचा (माशाच्या नारळी आमटीचा) वास या दोन्ही गोष्टी साधतात. पावसाळ्यात आपल्याकडे नीरफणस मिळतो. त्याच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या फोडींना मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून, रव्यात घोळवून खोबरेल तेलावर तळाव्यात. सुरणाचे कापही असेच होतात, मात्र सुरण आधी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकळून घ्यावे, नाहीतर घशाला खाज सुटते.

हुमणाचा वास म्हणजे बव्हंशी तिरफळाचा वास. नारळ-मिरचीच्या वाटणात आमसूल घालून त्यात अळंबी किंवा नीरफणसाच्या फोडी शिजवाव्यात. सात-आठ तिरफळे घेऊन त्यांतली काळी बी काढून टाकावी, साली नुसत्या ठेचाव्यात आणि आमटी उतरवण्याच्या दोन मिनिटे आधी घालाव्यात. वाटणात वाटल्या तर कडू होतात.