मंगळावर सातबारा नसतो

कोथरूड, पुणे

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू विचारलंस, "काका, हे टेक कंपन्यांचे अब्जाधीश, एवढी हुशार माणसं, असं काहीतरी विचित्र का बोलतात हो?" मी चहा गाळत होतो, "पैसा डोक्यात जातो" म्हणून मोकळा झालो. ते आळशी उत्तर होतं. पैसा आपल्याकडेही डोक्यात जातो, पण ती मंडळी फार्महाउस बांधतात, मुलाच्या वरातीला हेलिकॉप्टर आणतात. मंगळावर दहा लाख माणसं वसवायला निघत नाहीत.

स्पेसएक्स या रॉकेट कंपनीच्या इलॉन मस्कने २०१६ साली मेक्सिकोतल्या परिषदेत हाच आकडा मांडला होता. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोसला मंगळ नको. त्याला अवकाशात गरगरणाऱ्या अवाढव्य नळकांड्यांत वस्त्या हव्यात, आणि सूर्यमालेत एक लाख कोटी माणसं. कल्पना मूळची जेरार्ड ओनील या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाची, सत्तरच्या दशकातली. १९८२ मध्ये शाळा सोडतानाच्या भाषणात बेझोस अवकाशातल्या वस्त्यांबद्दलच बोलला होता, म्हणजे हे खूळ श्रीमंतीच्या आधीचं. पेपालच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या पीटर थीलने समुद्रावर तरंगती गावं बांधू पाहणाऱ्या संस्थेला २००८ मध्ये पैसे दिले.

आता या जागा बघ. मंगळ, पोकळी, भर समुद्र. तिन्हीकडे आधीचं कोणी राहत नाही. शेजारी नाही, भाऊबंदकी नाही, सातबाऱ्यावर चौदा नावं नाहीत. मंगळाचा तर सातबारा निघूच शकत नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार कुठल्याच देशाला तिथे मालकी सांगता येत नाही. आणि मस्कच्या स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या ग्राहक-अटींत कलम होतं की मंगळ हा मुक्त ग्रह असून पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची तिथे सत्ता चालणार नाही. घ्यायचं काय, तर इंटरनेटचं कनेक्शन! आमच्या गावच्या तलाठ्याला वाचून दाखवायला हवं.

माझी पहिली मोठी साइट भोसरीला होती. आमच्या साहेबांनी मुंबईत बसून लेआउट काढला होता. अतिशय देखणा. मी टेप घेऊन प्लॉटवर गेलो तर कॉम्प्रेसर शेडच्या जागी शेंदूर लावलेला म्हसोबा, समोर ताजा नारळ. साहेब फोनवर म्हणाले, "ड्रॉइंगमध्ये नाहीये तो." मी तीन आठवडे शेजारच्या वाडीत चकरा मारल्या, शेवटी शेडच अकरा फूट सरकवली. कारखाना बरीच वर्षं उत्तम चालला. साहेबांना मात्र ती अकरा फूट शेवटपर्यंत सलत राहिली.

या लोकांनी संपत्ती कमावली ती बहुतेक अशा धंद्यात, जिथे म्हसोबा आडवा येत नाही. कोरी फाइल उघडायची, लिहायचं, दहा जणांनी वापरलं काय आणि दहा कोटींनी काय, खर्च थोडाच वाढतो. (तुमच्या ऑफिसातला वीस वर्षांपूर्वीचा कोड वेगळा. तिथे म्हसोबांची जत्रा आहे, हे तूच सांगितलंस.) विशी-तिशीत ज्याला असं कोरं रान मिळालं, त्याला पुढे सगळं जगच कोरं करून हवं असतं. त्यात लोक हसले आणि तोच खरा ठरला, असंही घडलेलं असतं. रॉकेटचा खालचा टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये मस्कच्या माणसांनी जमिनीवर उभा उतरवून दाखवला, ती इंजिनिअरिंगची कमाल आहे. मी तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. पण त्यानंतर हसणारा प्रत्येक जण मूर्खच वाटायला लागतो.

कोरी जागा मात्र नसतेच. अ‍ॅरिझोनात १९९१ मध्ये तेलाच्या पैशावर काचेचं बंदिस्त जग उभारून आठ माणसं दोन वर्षांसाठी आत गेली. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून चौदा-साडेचौदावर आला, बाहेरून सोडावा लागला. मातीतले जीवाणू ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बांधकामातल्या काँक्रीटने शोषला, म्हणून तो झाडांमार्फत परतही आला नाही. माती आत नेली तेव्हाच रहिवासी सोबत गेले होते.

कॅलिफोर्नियातल्या सोलानो परगण्यात तर जमीन आपली नेहमीची, शेतकऱ्यांची. सिलिकॉन व्हॅलीच्या काही धनिकांच्या पैशावर एका कंपनीने नव्या शहरासाठी पन्नास हजार एकरांहून जास्त जमीन गुपचूप घेतली. २०२३ मध्ये बिंग फुटलं. त्याच वर्षी कंपनीने, भाव वाढवायला संगनमत केलं म्हणून, तिथल्या जमीनमालकांवरच दावा ठोकला! नंतर या शहरावर जनमत घ्यायचं होतं, तो प्रस्ताव २०२४ मध्ये मागे घेतला. हे वाचताना मला हडपसर आठवलं. मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर एकत्र केले आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे शेअर घेतले. सातबाऱ्यावरची माणसंच बिल्डर झाली. ते काही रामराज्य नाही, सोलापूर रोडवर संध्याकाळी अडकलीस की कळेल. पण तिथे कोणाला मानवजात वाचवायची नव्हती.

आता तुझ्या नव्या नोकरीच्या ऑफरचं. पगार कमी, शेअर जास्त, आणि संस्थापकाच्या प्रत्येक भाषणात 'मानवजात'. हा शब्द फुकट येत नाही. नफा वीस वर्षं लांब असला की गुंतवणूकदाराला थांबवून ठेवायला स्वप्नच लागतं, आणि मानवजातीसाठी जागायचं म्हटल्यावर ओव्हरटाइम मागायला माणूस लाजतो. तो ढोंगी असेल असं मी म्हणत नाही, त्याचा बहुधा खरंच विश्वास असेल. जाऊ नकोस असंही म्हणत नाही. फक्त शेवटच्या मुलाखतीत एवढं विचार: गेल्या वर्षभरात साहेबांचं कुठलं म्हणणं कोणी खोडून काढलं, आणि तो माणूस अजून इथे आहे का? उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघ.

रविवारी ये. भोसरीचं ड्रॉइंग माळ्यावर सापडलंय. त्यावर पेन्सिलीने काढलेला म्हसोबा अजून दिसतो.

तुझा,
काका