पहिल्यांदाच फ्रोझन फोर, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या आइस हॉकी स्पर्धेतले शेवटच्या चार संघांचे सामने, बघताय?
अख्ख्या स्पर्धेत सोळा संघ, हरला की घरी. सलग चार सामने जिंकले की चषक. म्हणून हंगामभराच्या क्रमवारीवर फार विसंबू नका. एखादा गोलकीपर त्या रात्री भिंत झाला की भलेभले गारद. डेन्व्हरकडे २०२४ पर्यंत दहा विजेतेपदं होती, पण २०२५ मध्ये वेस्टर्न मिशिगननं बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ हरवून पहिलंवहिलं नेलं.

बरोबरी झाली तर शूटआउट नाही. वीस-वीस मिनिटांचा जादा वेळ, गोल होईपर्यंत! भारतातून उपांत्य सामने पहाटे जागून बघणार असाल तर ऑफिसला उशीर धरूनच चाला.

पकमागे (खेळातली रबरी चकती) नजर पळवू नका, सुरुवातीला तो दिसतच नाही. खेळाडू कुठे सरकतायत ते बघा. मारामारीच हवी असेल तर एनएचएल (व्यावसायिक आइस हॉकी लीग) लावा. इथे ठोसे मारले की थेट बाहेर.